हनुवटीवरची बातमी

भावजी, पहिल्यांदा कबूल करून टाकते. बोकड मी भादरलं होतं.

तुम्हाला हे ठाऊकच आहे. पण तुमच्या-माझ्याशिवाय तिसऱ्याला ते माहीत नाही, असं मी परवापर्यंत समजून चालले होते. तेव्हा आता सगळ्यांसमोर सांगायला हरकत नाही.

लग्नानंतरची पहिली जत्रा. सांगलीहून आलेली नवी सून, मॅट्रिक झालेली, दोन वेण्या घालणारी, आणि जगातली कुठलीही गोष्ट डोकं चालवलं की जमते अशी खात्री असलेली. सासूबाईंनी बोकडाची मुंडी परातीत घालून माझ्यापुढं ठेवली, "एवढी साफ कर गं," म्हणाल्या आणि पुरणाच्या मागं लागल्या. माहेरी मी मुंडी खाल्ली होती, पण ती ताटातली. ताटात येण्याआधी तिला जाळावर धरतात, केस जळले की सुरीनं खरवडतात, हे मला कोण सांगणार? आणि विचारायला मी काय अडाणी होते? मी विचार केला, तोंडावरचे केस काढायचे म्हणजे दाढीच करायची की.

परसात हौदाच्या कडेला तुमचं दाढीचं सामान मांडलेलं होतं. लष्करात भरती झाल्यावर पहिल्याच सुट्टीवर आला होतात तुम्ही. पहिल्या पगारातून घेतलेला तो पितळी रेझर अख्ख्या आळीला दाखवून झाला होता. मी ब्रश भिजवला, वाटीत फेस केला, बोकडाच्या दोन्ही गालांना लावला. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते. तेवढी लाज वाटली म्हणून त्यावर पदराचं टोक टाकलं. मग आमचे वडील करायचे तशी वरून खाली, हलक्या हातानं सुरुवात केली. दोन हात मारले की केस रेझरच्या दातांत अडकायचे. मग मी तो हौदाच्या दगडावर आपटायची. खाड. परत दोन हात, परत खाड. कानामागचं काही जमलं नाही, ते तसंच सोडलं. बाकी बोकड असं दिसायला लागलं की त्याला मुंडावळ्या बांधल्या असत्या तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी पंगतीत मामंजींनी पहिला घास घेतला आणि हात थांबवला.

"ह्या रश्श्याला वास कसला येतोय रं?"

सगळी पंगत वास घ्यायला लागली. कुणीतरी म्हणालं, "चंदनाचा येतोय की."

मी दाराआड उभी होते. तेवढ्यात तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आबा, मुंडी म्या साफ केली. मिल्ट्रीत अशीच करत्यात. साबन लावून. हायजीन म्हनत्यात त्याला."

"हायजीन?" मामंजी म्हणाले.

"व्हय."

आणि मामंजींनी ती वाटी चाटूनपुसून संपवली. पुढं कित्येक वर्षं ते पारावर सांगायचे की मिल्ट्रीत बोकडालासुद्धा दाढी केल्याशिवाय पातेल्यात जाऊ देत नाहीत. माणसं माना डोलवायची.

तुमची सुट्टी संपत आली तेव्हा मी हळूच विचारलं होतं, "भावजी, रेझरचं काय झालं?" तुम्ही म्हणालात, "वड्याच्या पान्यात फेकला. नवा घ्यायचाच हुता." सुटले बाई, असं म्हणून मी ते प्रकरण मिटवलं. मिटवलं! माझ्याएवढी शहाणी पोरगी सांगली सोडून जगात दुसरी नव्हती.

आता मी इथं तुमच्यावर चिडून बसले आहे. माणूस गेल्यावर रडावं, चार चांगले शब्द बोलावेत. ते मला येतं, तुमच्या दादांच्या, आमच्या ह्यांच्या वेळी केलं होतं. पण तुम्ही जी गोष्ट करून गेलात तिच्यावर रडताही येत नाही आणि जाब विचारायला समोर माणूसही नाही. पन्नासच्या वर वर्षं एका घरात राहून हा न्याय?

दाढी करायची तुमची पद्धत आठवली तरी अजून हसू येतं. हौदाच्या भिंतीला टांगलेला आरसा, खाली तांब्या, साबणाची वाटी, तुरटीचा खडा. मी चुलीपाशी, नंतर गॅसपाशी, चहा करत असायची. तुम्ही परसातून आत आलात की हनुवटीला डाव्या बाजूला वर्तमानपत्राचा तुकडा चिकटलेला. रोज कापायचं. त्याच जागी. सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस, बर्फात राहून आलेला, आणि हनुवटीचं वळण म्हणून जमेना.

"काय भावजी, आज काय बातमी?" हे माझं रोजचं. तुम्ही खाली वाकायचा आणि मी चष्मा लावून वाचायची. एकदा नुसतं 'पाहिजेत' निघालं होतं. मी म्हटलं, "काय पाहिजे ते सांगा तरी, चहात घालते." एकदा 'प्रवेश सुरू'. एकदा कुठल्यातरी पुढाऱ्याचा नुसता कान आला होता, तो दिवसभर तुमच्या तोंडावर होता आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कुणाचा ते ओळखायला लावलं होतं. शालन आतून ओरडायची, "हसा तुमी! टावेल मला धुवाय लागतोय." मी तिलाही सोडत नसे. म्हणायची, "शालन, एवढी वर्षं संसार केलास, नवऱ्याला दाढी शिकवली नाहीस?"

ती टॉवेल बादलीत बुडवायची.

आता त्या पेटीचं. त्या पेटीवरून आपलं भांडण राहिलंय, ते मी सोडलेलं नाही.

आपल्या घरचा नियम तुम्हालाही पाठ होता. घरातला बाप्या माणूस गेला की त्याचा वस्तरा, रेझर, जे काय असेल ते, तेराव्याच्या आत घराबाहेर गेलं पाहिजे. न्हाव्याला द्या नाहीतर पाण्यात सोडा, पण घरात नको. सासूबाईंनी तो मामंजींच्या वेळी पाळला. तुमच्या दादांच्या वेळी मी पाळला. सगळं उरकून परत आले आणि बघते तर आरशाजवळचा कोनाडा रिकामा. तिथं बोट फिरवलं तर साबणाचा वाळका पापुद्रा हाताला लागला. तेवढाच माणूस उरला होता. पण मी कुणाला बोलले नाही. नियम तो नियम, असं मीच चारचौघींना सांगत होते.

आणि तुम्ही काय केलंत? रिटायर होऊन आलात आणि दुसऱ्यांच्या घरचे रेझर गोळा करायला लागलात. पहिला आणलात तो तुमच्या रेजिमेंटमधल्या मित्राचा. त्याची बायको तो विहिरीत टाकायला निघाली होती, तुम्ही मागून घेतलात. मग बातमी पसरली. रहिमतपुरात कुणी म्हातारा फौजी गेला की चौथ्या दिवशी तुमच्यासाठी निरोप. पलूसकडून एकजण एस.टी.त कंडक्टरच्या हाती पुडी पाठवायचा. फुलपाखरासारखी दोन दारं उघडणारे रेझर, दुमडून पत्र्याच्या डबीत बसणारे, कुणाची दांडी हस्तिदंती रंगाची, कुणाची जस्ताची. लष्करातली ती काळी पेटी त्यांनी भरली. रविवारी ऊन खायला बसल्यासारखे तुम्ही सगळे चटईवर मांडायचा आणि शिलाई मशीनचं तेल लावून एकेक पुसायचा.

"भावजी, मेलेल्यांच्या दाढ्या घरात कशाला?"

"वैनी, आपल्या घरातलं न्हवंत ते. दुसऱ्याच्या घरातलं हायत. पाव्हणं हायत. पाव्हण्याला नियम लागत न्हाई."

"मग कुणाचा कुठला ते लिहून तरी ठेवा. उद्या तुम्ही गेलात तर?"

"डोक्यात हाय सगळं."

"डोकं इथं ठेवून जाणार आहात काय?"

"बघू की," म्हणायचा आणि पुढचा रेझर उचलायचा. हे 'बघू की' मी किती वर्षं ऐकलं! एक चिठ्ठी बांधली असतीत प्रत्येकाला. साधा दोरा, एक कागद. सुभेदार साहेबांना एवढं जड होतं?

एका रविवारी तुम्हीच विचारलंत, "वैनी, मी गेल्यावर माझा कुठं जानार?" मी भाजी चिरत होते. "वड्यात," म्हटलं. तुम्ही इतके हसलात, इतके हसलात की खोकल्याची उबळ आली आणि शालनला पाणी घेऊन यावं लागलं. मला वाटलं, माझा विनोद भारी झाला. काय ते माझं विनोदाचं ज्ञान!

मग आमच्या पोराचं, तुमच्या पुतण्याचं लग्न निघालं. घरात मंगलकार्य आणि कोपऱ्यात ती पेटी. मी दोन गड्यांना लावून ती गोठ्याच्या माळ्यावर, कडब्याच्या मागं नेऊन ठेवली. "लग्नापुरती हो भावजी." लग्न झालं, पूजा झाली, पुतण्याला मूल झालं, ते मूल शाळेत जायला लागलं, पेटी काही खाली आली नाही. तुम्ही दोन-तीनदा आठवण केलीत. मी म्हटलं, "बघू की." तुमचंच औषध तुम्हाला. पुढं तुमचे गुडघे गेले, शिडी चढणं बंद झालं आणि तुम्ही विचारणंही बंद केलंत. भांडायचं तरी होतं! माझ्यासारख्या बाईसमोर माणूस गप्प बसला की तिला वाटतं आपण जिंकलो. मला तसंच वाटलं.

त्या सकाळी तुम्ही दाढी करून आत आलात, खुर्चीत बसलात, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत मान कलली होती. डॉक्टर आले, बोलायचं ते बोलले. माणसं जमायला लागली. शालन तुमचा हात धरून बसली होती. मला काय सुचावं? तुमच्या हनुवटीवरचा कागद मी अलगद काढला. आणि सवय वाईट असते भावजी, चष्मा डोळ्यावरच होता, मी तो वाचला. बाजारभावाचं पान होतं. 'हळद, सांगली' एवढंच. दर फाटून गेला होता. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्या माहेरची बातमी आणलीत, तीही अर्धी.

त्या दिवशी मी रडले ते तेवढंच.

दहाव्यानंतर नियमाची आठवण झाली. तुमचा रेझर बाहेर काढायला हवा. आरशाजवळ बघितलं तर सुनेनं दिवाळीला आणून दिलेला प्लास्टिकचा रेझर होता, कागदातून काढलेलासुद्धा नव्हता. मी शालनला विचारलं, "भावजी दाढी कशानं करायचे गं?" ती म्हणाली, "मला काय ठाव," आणि दुसऱ्या खोलीत गेली. मी मनात म्हटलं, बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही.

मग मीच ठरवलं की तुम्ही पेटीतलाच एखादा वापरत असणार. नात ऋतुजा सुट्टी काढून आली होती. कुपवाडला कारखान्यात ती माल तपासायचं काम करते, नवीन भाग बरोबर मापाचे आहेत का बघायचं. तिला माळ्यावर चढवलं. पेटी खाली आली ती उंदरांनी कातरलेल्या कडब्यासकट. कडी गंजून बसली होती, हातोडीनं काढावी लागली.

काय सांगू भावजी! तुमचे पाहुणे ओळखायला येईनात. गंजानं एकाला एक चिकटलेले. हिरवं-काळं काहीतरी चढलेलं. दांड्या फिरेनात, दारं उघडेनात. पावसाचं पाणी माळ्यावर गळत होतं हे मला माहीत होतं की नव्हतं? माहीत होतं. कडबा हलवायला मी सांगितलं होतं. पेटीचं नाव काढलं नव्हतं.

मी, शालन आणि ऋतुजा, आम्ही तिघी परसात बसलो आणि चिंच-राख घेऊन घासायला लागलो. राग येत होता. तुमच्यावर जास्त. कुणाचा कुठला, एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. तुम्ही दर रविवारी सांगत होता आणि मी कधी कान दिला नाही, ही गोष्ट वेगळी. पण मी ऐकणार नाही हे तुम्हाला माहीत होतं ना? मग माणसानं त्याप्रमाणं सोय करायला नको?

ते घासणं चालू असतानाच पलूसची एक म्हातारी भेटायला आली. तिच्या नवऱ्याचा रेझर तुमच्याकडं आहे म्हणाली. "ताई, एकदा बघायचा हुता. सुभेदार आप्पा गेलं म्हनल्यावर म्हटलं, आता कोन दावनार."

मी काय केलं असेल? खोटं ठोकून दिलं. त्यातल्या त्यात चकचकीत झालेला एक उचलला आणि म्हटलं, "हा बघा तुमच्या ह्यांचा."

तिनं तो हातात घेतला, एकदा फिरवला आणि परत ठेवला. "न्हाई ओ. ह्यो न्हवं." मग ती खाली बसली, डोळे मिटून एकेक दांडी चाचपडत गेली आणि एक काळपट, बावळा दिसणारा रेझर काढला. "ह्यो. हितं बगा, दांडी त्यांच्या आंगठ्यानं झिजलीया. रोज म्याच पुसून ठिवायची."

मला भुईत शिरावंसं वाटलं. "घेऊन जा," मी म्हटलं.

"आन घरात कुठं ठिवू? नगं. हितं पाव्हण्यांत बरा हाय." तिनं तो पदरानं पुसला, पेटीत ठेवला, चहा घेतला आणि गेली.

म्हणजे चिठ्ठीची गरज नव्हती तर. जिच्या घरातला असतो तिच्या हाताला कळतं. मग माझ्या घरातला मला कळायला नको? मी परत सगळे चाचपडले. त्यात तुमचा कुठलाच नव्हता.

सापडला तो ऋतुजाला. हात धुवायला हौदापाशी गेली, आरसा थोडा सरकला, तर मागं भिंतीत एक वीट काढून केलेला कोनाडा. त्यात धडप्यात गुंडाळलेला रेझर. तेल लावलेला. गंजाचा ठिपका नाही. एवढ्या सगळ्यांत तेवढा एकच जिवंत.

"आजी, हा बघ. पण हा कुणीतरी आपटलाय गं."

"म्हणजे?"

तिनं तो उघडून उजेडात धरला, कारखान्यात धरते तसा एक डोळा मिटून. "खालची दातेरी पट्टी बघ. दोन दाते वाकलेत आणि पट्टीला पीळ पडलाय. पातं सपाट बसतच नाही. कोपरा उचलला जातो. ह्यानं दाढी केली की एका जागी कापणारच. उलटा धरला तरी तेच. आप्पाआजोबा ह्यानं दाढी करायचे? वेडेबिडे होते काय?"

पितळी रेझर. वरचा मुलामा पार उडालेला. मी तो हातात घेतला. पलूसच्या म्हातारीसारखे डोळे मिटायची गरज पडली नाही. माझ्या कानांत हौदाचा दगड वाजला. खाड.

आता बोला भावजी. वड्यात फेकला होतात ना? नवा घेतला होतात ना?

मी तिथंच हौदाच्या कडेला बसले आणि मनातल्या मनात तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की ऋतुजाला वाटलं मला चक्कर आली. मामंजी जाऊन किती वर्षं झाली, आता लपवायचं कुणापासून होतं? पेटीभर रेझर जवळ होते. मिल्ट्रीच्या कँटीनमध्ये नवे मिळत होते. आणि माणूस रोज सकाळी माझ्या मूर्खपणानं स्वतःची हनुवटी कापून घेतोय, वर कागद लावतोय, आणि मी त्यावर विनोद करतेय! म्हणजे रोज मी माझ्याच अकलेला हसत होते आणि तुम्ही खाली वाकून मला ते वाचू देत होता. एकदा म्हणायचं होतंत, "वैनी, ही बातमी तुमचीच हाय." मी लाजले असते, चिडले असते, दोन दिवस बोलले नसते. आणि मग सुधारले असते, कदाचित. ती संधी तुम्ही मला दिली नाहीत. ह्याला चांगुलपणा म्हणायचं की डँबिसपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेराव्याला सलूनवाला सुरेश आला. गोडाचं जेवला, हात पुसले आणि म्हणाला, "आक्का, आप्पांचा रेझर द्या. न्हेतो."

तो माझ्या कमरेला खोचलेला होता. गार पितळ पोटाला लागत होतं. दादांच्या वेळी मी ह्याच सुरेशच्या बापाच्या हातात रेझर ठेवला होता. नंतर तो रिकामा कोनाडा बघत किती सकाळी काढल्या ते मला माहीत. परत तसला कोनाडा बघायची माझी तयारी नव्हती. मी आत गेले आणि सुनेनं आणलेला तो प्लास्टिकचा रेझर, कागदासकट, आणून त्याच्या हातावर ठेवला.

सुरेशनं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ह्यो आप्पांचा?"

"दिवाळीपासून," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

तो गेला. पाहुणे गेले. आणि माझं धाबं दणाणलं. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम शिकवलेली बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमरेला मेलेल्या माणसाचा रेझर खोचून फिरतेय. आणि तो माझा तरी होता का? त्याच्यावर जिचा हक्क ती शालन. जिनं रोज टॉवेलचे डाग काढले ती शालन. तिला मी दाढी शिकव म्हणून टोमणे मारत होते.

ती मागच्या खोलीत तुमच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी रेझर तिच्या पुढ्यात ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. बोकड, साबण, दगड, मिल्ट्री, सगळं. "शालन, टॉवेलवरचे डाग माझे होते गं."

तिनं मान वर केली नाही. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. जवळ जाऊन बघितलं तर हसत होती. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हसतेय.

"आक्का, मला ठाव हाय. लगीन झाल्यावर पयल्याच सुट्टीत सांगितलं हुतं त्यांनी. म्हनलं, वैनीला कळू दिऊ नगंस, न्हाईतर सकाळची मजा जाईल. तुमी बातमी वाचायचा न्हवं, की ते आत यिऊन माझ्याकडं बघून हसायचं. रोज."

म्हणजे एवढी वर्षं हसं माझं होत होतं. ह्या घरात हुशार मी एकटी आणि माहिती सगळ्यांना.

"मग नवा का घेतला नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मामंजी गेल्यावर तरी?"

"म्या दोनदा आनला. घेईनात. मग थोरलं दाजी गेलं. तवा तुमी म्हैनाभर कुनाशी बोलत न्हवता. आठवतंय? एक दिस ह्यांच्या हनवटीवर कागद बगितला आन तुमी म्हनला, आज काय बातमी. त्या दिसापास्नं म्या नवा आनायचं नाव काढलं न्हाई आन त्यांनी बी न्हाई."

बाहेर ऋतुजा पेटीला नवी कडी बसवत होती. ती पेटी आता माजघरात आहे, हे सांगायचं राहिलं. माळ्यावर परत जाणार नाही. तुमच्या पाहुण्यांना दर रविवारी तेल मी लावेन, नावं मात्र मला येत नाहीत आणि त्याबद्दल मी तुम्हाला क्षमा करणार नाही.

मी त्या वाकड्या रेझरवरून बोट फिरवलं. मग मी म्हटलं, "शालन, मी सुरेशला फसवलं. हा घरातच राहिला. तेरावं झालं. आता काय करायचं? वड्यात सोडू?"

तिनं तो उचलला, पदरानं पुसला, दाते बोटानं चाचपले आणि माझ्या हातात ठेवून माझी मूठ मिटली.

"मेलेल्या माणसाचा रेझर घरात ठिवत न्हाईत, खरं हाय. पर आक्का, ह्यो माणसाचा कुठं हाय? ह्यो बोकडाचा हाय. ठिवा."